पवनचक्क्यांनी पळवलेले ढग आणि गायरानावरची सौर वाहिनी

२००३ चा दुष्काळ ज्यांनी सांगली-साताऱ्याच्या पूर्व भागात काढला, त्यांना तेव्हाची ती चर्चा आठवत असेल: पवनचक्क्या ढग पळवतात. पाटण तालुक्यात वनकुसवड्याला, साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पाती फिरायला लागली होती आणि नेमका पाऊस दडी मारून बसला होता. लोकांनी त्याचा संबंध याच्याशी जोडला. इंजिनिअर मंडळींत तो विनोद म्हणून चालायचा. गावात जाऊन कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

त्या पवनचक्क्यांचं पातं जमिनीपासून शे-सव्वाशे मीटरच्या आत फिरतं, पावसाचे ढग त्याच्या वर कितीतरी उंच चढलेले असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तिथून दीडशे किलोमीटरवर आटपाडीला पाचशेच्या आसपास. तो फरक सह्याद्रीनं केलेला आहे आणि पवनचक्कीचा जन्म होण्याच्या आधीपासूनचा आहे. समजूत चूकच होती. पण तिच्या पोटातला प्रश्न चूक नव्हता. वारा आमच्या डोंगरावरचा, रस्ता आमच्या रानातून, मग पैसा कुणाच्या घरी गेला? ह्या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलं नाही. मग लोकांनी आपलं उत्तर आपणच शोधलं आणि ते ढगांपर्यंत गेलं.

हे जुनं उगाळायचं कारण असं की जत-कवठेमहांकाळच्या शिवेवरच्या एका गावात गायरानावर सौर प्रकल्पाचा विषय निघाला, तेव्हा शाळेत भरलेल्या पहिल्याच बैठकीत एका आजोबांनी उभं राहून विचारलं, “पवनचक्क्यांनी ढग न्हेलं. आता ह्या काचा काय न्हेणार?” सगळी शाळा हसली. आजोबा हसले नाहीत.

गावाचं नाव लिहीत नाही. विषय अजून चालू आहे आणि उगाच कुणाला अडचण नको.

आम्ही तिथं कसे पोचलो ते सांगतो. मी पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी विभागातून निवृत्त झालो. उपसा योजनांचे पंप, व्हॉल्व्ह, रायझिंग मेन (पाणी वर चढवणारा मोठा पाइप) ह्यातच नोकरी गेली. सकाळी सांगलीच्या आमराईत फिरायला येणाऱ्यांत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक मित्र आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक आहेत, आणि मिरजेत घरांवर सौर पॅनेल बसवायचा धंदा करणारी एक मुलगी आहे. वयानं आमच्या लेकीएवढी, पण इनव्हर्टरचं, म्हणजे पॅनेलची वीज लाइनवर घालण्याजोगी करणाऱ्या यंत्राचं, तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. त्या गावच्या सरपंचबाईंचा भाचा प्राध्यापकांचा विद्यार्थी. त्यानं फोन केला, “सर, कंपनीची माणसं न सांगता गायरान मोजायला आली होती. पोरांनी टेप काढून घेतली. आता गावात दोन तट पडल्यात. कुणीतरी येऊन नीट सांगा.”

जाण्याआधी आम्ही आपापसांत काही गोष्टी ठरवल्या. प्रकल्प हवा की नको, हे आपण सांगायचं नाही. कुणाच्या गाडीतून जायचं नाही, कुणाचं जेवण घ्यायचं नाही (चहा चालेल, नाहीतर गाव रुसतं). जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असं फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या वेळी उत्तर घेऊन यायचं. वीज मंडळातल्या मित्रांनी आणखी एक अट घातली, तिच्यावर बराच वाद झाला. ते म्हणाले, “‘हा टेक्निकल विषय आहे’ हे वाक्य कुणाच्याही तोंडातून येता कामा नये.” नोकरीत असताना हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलं होतं. समोरच्याला गप्प बसवायला त्याच्याइतकं सोयीचं वाक्य नाही.

योजना म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सबस्टेशनच्या जवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज ११ केव्हीवर, म्हणजे ११ हजार व्होल्टवर, त्याच सबस्टेशनला द्यायची आणि शेतीचे फिडर, म्हणजे सबस्टेशनातून शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या, त्यावर चालवायचे. राज्यभर १६,००० मेगावॅटचं उद्दिष्ट आहे. जमीन शक्यतो सरकारी, म्हणजे गावाच्या भाषेत गायरान. एका मेगावॅटला साधारण चार एकर लागतात.

गावात मात्र तीन योजनांची भेळ झाली होती. घरावरच्या पॅनेलला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं ती सूर्यघर योजना, दहा टक्के भरून शेतात स्वतंत्र सौर पंप मिळतो ती ‘मागेल त्याला’वाली, आणि ही वाहिनी. कुणाला वाटत होतं, गायरान दिलं की घरोघर पॅनेल मिळणार. कुणी म्हणत होतं, सौर पंप घेतला की जुनं कनेक्शन तोडतात, म्हणून ह्या प्रकल्पाला विरोध. ही गाठ सोडवण्यातच पहिली बैठक अर्धी संपली.

त्या बैठकीच्या आधी आम्ही सबस्टेशनला जाऊन आलो होतो. रीतसर परवानगी काढायला थोडे हेलपाटे पडले, पण ते वाया गेले नाहीत. ३३/११ केव्हीचं साधं सबस्टेशन. आवारात दोन ट्रान्सफॉर्मर, एका खोलीत ब्रेकरचे पॅनेल, टेबलावर लॉगशीट. ऑपरेटर दर तासाला उठतो, प्रत्येक फिडरचे अँपिअर बघतो आणि निळ्या पेनानं रकाना भरतो. वीज मंडळातल्या मित्रांनी ती शीट हातात घेतली आणि एकदम पस्तीस वर्षांनी तरुण झाले. “हे बघा,” म्हणाले, “सगळं गाव हितं बसलंय.” शेतीच्या फिडरचे रकाने शेड्यूल नसताना शून्य, आणि थ्री फेज (मोटरी चालवणारी वीज) सुरू झाली की एका तासात शंभर-सव्वाशे अँपिअर. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात हेच आकडे मध्यरात्रीच्या रकान्यांत सरकलेले. शेजारी गावठाणाचा फिडर: दिवसभर सुस्त, संध्याकाळी सहानंतर चढत जाणारा, दहाला पुन्हा खाली.

त्या लॉगशीटवरून प्राध्यापकांनी एक आलेख काढला आणि तो आम्ही हातभर रुंदीच्या फ्लेक्सवर छापून घेतला. लॅपटॉप, प्रोजेक्टर काही नेलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात फ्लेक्स टांगला आणि मित्रांनी विचारलं, “रात्री दोनला हा कोण उठलाय?” मागून आवाज आला, “मी हाय की! आन् माझी बायको बॅटरी धरून.” त्यानंतर आलेख समजावून सांगायची गरज पडली नाही.

११ केव्हीवर १२० अँपिअर म्हणजे जवळपास दोन मेगावॅट. असे दोन शेतीचे फिडर, म्हणून प्रकल्प चार मेगावॅटचा. हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हा दहावीतल्या एका पोरानं थ्री फेजच्या सूत्रातलं तीनचं वर्गमूळ कुठून आलं ते विचारलं. प्राध्यापक इतके खूश झाले की त्यांना आवरावं लागलं.

खरे प्रश्न त्यानंतर आले. एक शेतकरी म्हणाला, “साडेसात एचपीपर्यंतचं बिल सरकारनं माफच केलंय. मग आम्हाला सौर असू दे न्हाईतर कोळसा, काय फरक पडतोय?” प्रश्न बिनतोड होता. बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. बिल शेतकऱ्याला येत नाही, पण ते कुणीतरी भरतंच: काही सरकारी तिजोरी, काही कुपवाड एमआयडीसीतला कारखानदार त्याच्या चढ्या दरातून. ह्या सौर प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, शेतापर्यंत वीज पोचवायचा आजचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे आहे. मी म्हणालो, “सौरचा पहिला फायदा सरकारच्या तिजोरीला आहे. तुमचा फायदा दिवसा पाणी पाजण्याचा. दोन्ही वेगळे धरा आणि तुमच्या फायद्याची किंमत तुम्ही ठरवा.” इतकं उघड बोललेलं सरपंचबाईंच्या शेजारी बसलेल्या एका पुढाऱ्यांना रुचलं नाही. पण त्या क्षणापासून सभेचा सूर बदलला, हे मात्र खरं.

दुसरा प्रश्न: “ढग आलं की मोटर बंद?” नाही. प्रकल्पाची वीज सबस्टेशनच्या बसबारवर (सगळ्या लाइन जिथं जोडलेल्या असतात त्या पट्टीवर) येते, फिडर तिथून घेतो, कमी पडलं तर वरून ग्रिडची, म्हणजे राज्याच्या वीजजाळ्यातली, येते. दुपारी बाराला जास्त होईल, सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास कमी पडेल, पावसाळ्यात मोटरी बंद असतील तेव्हा उरलेली वीज वर जाईल. लोकांना हे पटलं. पण लगेच उलटा प्रश्न आला, “म्हंजे ग्रिडची लाईट गेली तरी ऊन हाय तवर आमची चालू ऱ्हाणार?”

इथं मिरजेच्या मुलीनं फळा घेतला. नाही राहणार. ग्रिड गेलं की इनव्हर्टर आपोआप बंद होतात, तसंच बनवलेले असतात. “ऊन डोक्यावर असताना?” “हो, दादा. कारण लाइन बंद आहे असं समजून तुमचा वायरमन खांबावर चढलेला असतो.” व्हरांड्याच्या टोकाला गावचा वायरमन उभा होता. सगळ्यांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो लाजला आणि म्हणाला, “ताई बरोबर सांगत्यात.”

माझ्या वाट्याला पाण्याचा प्रश्न येणार हे ठरलेलंच होतं. म्हैसाळ योजनेसाठी सौर प्रकल्प मंजूर झालाय, त्याबद्दल विचारणा झाली. सांगलीच्या पूर्व भागात ऊर्जेबद्दल बोलणं म्हणजे पाण्याबद्दल बोलणं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या तिन्ही योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि त्यांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार, १९ टक्के लाभधारक उचलतात. मी फळ्यावर हिशेब मांडला. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. ते शंभर मीटर उचलायला नुसत्या भौतिकशास्त्राप्रमाणे सुमारे ७७ लाख युनिट लागतात; पंप, मोटर, पाइपातली घर्षणाची तूट धरली की एक कोटी. एक मेगावॅट सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट देतो. म्हणजे एका टीएमसीला, दर शंभर मीटर चढाला, साडेसहा मेगावॅट आणि पंचवीस-सव्वीस एकर. एवढं लिहून मी गप्प बसलो. लोक आकड्यांकडे बघत राहिले. मग एक बागायतदार म्हणाले, “मग उसाला पाटानं पाणी सोडणं म्हंजे काचा फोडण्यासारखंच की हो.” ठिबकवर मी आयुष्यात भाषणं केली, ऐकलीही. हे असं कुणी बोललं नव्हतं.

त्याच चर्चेत एका तरुणानं विचारलं की रात्री ते पाणी परत खाली सोडून वीज करता येणार नाही का. बी.एस्सी. झालेला, द्राक्षबाग सांभाळणारा पोरगा. त्याला उदंचन प्रकल्प म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं, कल्पना मात्र त्यानं स्वतःच मांडली होती. खालचं धरण, वरचं धरण, उन्हाच्या वेळी पाणी वर, संध्याकाळी खाली. आपल्या राज्यात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे आणि सरकारनं २०२३ च्या अखेरीस त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. शंभर युनिट वर चढवायला घातले तर सत्तर-ऐंशीच परत मिळतात, हेही सांगितलं. “म्हंजे वीस-तीस युनिट दलाली,” तो म्हणाला. बरोबर, दलाली. पण ती देऊन संध्याकाळची वीज मिळते.

संध्याकाळ हा मुद्दा आमच्या चौघांतही वादाचा आहे. देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर गेला, ह्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा अजून मोठा आहे. सूर्य मावळल्यावर गावठाणाच्या फिडरचा आलेख चढतो तेव्हा त्याला आधार कोळशाचा आणि कोयनेसारख्या जलविद्युतचा. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅटच्या घरात जातात. मात्र पाणी वाटून दिलेलं आहे, वर्षाला पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, म्हणून ते जपून, मागणीच्या ऐन वेळी वापरायचं. मुलीचं म्हणणं, बॅटऱ्या स्वस्त होतायत, उदंचनासाठी घाटातली जंगलं कशाला बुडवायची. मित्रांचं म्हणणं, बॅटरीचं आयुष्य आणि धरणाचं आयुष्य एका तराजूत घालू नका. हा वाद आम्ही गावापुढेच घातला. इंजिनिअर एकमेकांशी भांडतात हे बघून लोकांना मजा आली आणि आमच्यावरचा विश्वासही वाढला असावा. एकसुरात बोलणाऱ्या चार साहेबांवर गाव चटकन विश्वास ठेवत नाही.

कोयनेचं नाव निघाल्यावर एक म्हातारे म्हणाले की धरणं झाली तेव्हाही असंच सांगितलं होतं; आमच्या सोयऱ्यांची चांदोलीची वसाहत अजून कागद घेऊन फिरतीय. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. फळ्यावर ‘माहीत नाही’च्या रकान्यातही ते बसत नव्हतं. प्राध्यापकांनी तरीही ते लिहून घेतलं.

बायकांची सभा वेगळी झाली. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती होते, इथं सरपंचबाईंनी ती खरोखर घेतली. आणि सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत अवघड प्रश्न तिथं आला. एक बाई, पदर कमरेला खोचलेला, बहुतेक पाण्याच्या खेपा टाकूनच आलेल्या, म्हणाल्या, “काचा धुवायला पाणी लागतंय न्हवं? ते कुठनं आणणार?”

चार मेगावॅट म्हणजे आजच्या मापाची साडेसात हजारांच्या आसपास पॅनेल. एकेक पॅनेल धुवायला दोन लिटर धरलं तरी एका वेळी पंधरा हजार लिटर. दहा हजारांचा दीड टँकर. महिन्यातून दोनदा धुतली तर तीन टँकर. जिथं उन्हाळ्यात माणसांना टँकर येतो तिथं. मुलीनं हिशेब मांडला आणि आम्ही तिघं गप्प. कंपनीच्या माहितीपत्रकात ह्याबद्दल एक ओळ नव्हती. बोअर मारणार असतील तर किती फूट, टँकर घेणार असतील तर कुणाच्या विहिरीतून? धूळ न धुता ब्रशनं झाडायची यंत्रं असतात, खर्च जास्त. पॅनेलवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवून टाकीत धरता येतं, ते एरवी वाहूनच जातं. हे पर्याय मुलीनं सांगितले. बायकांनी त्यातला एकही निवडला नाही. त्यांनी फक्त एवढं ठरवलं की गावच्या योजनेच्या विहिरीतून थेंबही द्यायचा नाही, आणि ते कागदावर पाहिजे.

गायरान प्रत्यक्ष बघायला आम्ही सकाळी लवकर गेलो. कागदावर ती ‘पडीक, मुरमाड’ जमीन. तिथं माडग्याळ मेंढरांचा कळप चरत होता. बाकदार नाकाची, उंच, तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांची जनावरं. जत भागाचं हे खास वाण. मेंढपाळानं आम्हाला गायरानाच्या मधून जाणारी वाट दाखवली. पायाखाली मुरूम, पण वाटेवर खुरांनी तो पिठासारखा बारीक झालेला. ही वाट पाझर तलावाकडे जाते. नकाशावर ती नाही. कंपनीच्या आराखड्यातलं कुंपण तिला बरोबर मधोमध कापत होतं. म्हणजे मेंढरांना पाण्यापर्यंत पोचायला मैलभराचा वळसा पडला असता. पॅनेलच्या ओळींखाली मेंढरं चारता येतील, परदेशात तसं करतात, असं प्राध्यापकांनी सुचवलं. मेंढपाळ म्हणाला, “चारीन की. पर कुंपणाला कुलूप कुणाचं?” प्राध्यापकांनी तेही लिहून घेतलं.

कंपनीचा साइट इंजिनिअर एकदा आमच्यासोबत बसला. तासगावकडचा पोरगा. मोजणीला न सांगता येणारे दुसरे होते, हा नंतर नेमलेला. आधी तो सावध होता. आम्ही त्याच्यासमोर नकाशा, मेंढरांची वाट, पाण्याचा हिशेब ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “काका, हे मला कुणी सांगितलंच नाही. कुंपण तीस मीटर सरकवलं तर दोन ओळी उत्तरेला घेता येतील, मेगावॅट तेवढेच राहतील.” पेन्सिलीनं त्यानं तिथंच खूण केली. वरच्यांना विचारावं लागेल, हेही सांगितलं. अशी पोरं कंपन्यांत असतात. त्यांना गावात यायला वेळ दिला जात नाही, ही खरी गोम आहे.

पैशांच्या मुद्द्यावर गाव सर्वांत जास्त अडलं. योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं मिळून १५ लाख रुपये आहेत. करार मात्र पंचवीस वर्षांचा. खासगी जमीन भाड्यानं दिली तर एकराला वर्षाला ५० हजार आणि त्यावर दरसाल ३ टक्के वाढ, हे दर लोकांना मोबाइलवर मिळाले होते. साहजिकच विचारणा झाली, “आमच्या जमिनीला पन्नास हजार आन् गावाच्या जमिनीला तीन वर्षांनी शून्य?” गायरान सरकारच्या मालकीचं असतं, गाव ते वापरतं, हा कायदा. तो सांगितल्यावर कुणाचं समाधान झालं नाही, आणि व्हावं असं मलाही वाटलं नाही. पवनचक्क्यांच्या वेळचा प्रश्न हाच होता. तेव्हा आकडे मात्र कुणी फळ्यावर लिहिले नव्हते.

पंचवीस वर्षांनी ह्या काचांचं काय, हे शाळेतल्या मुलांनी विचारलं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आलेली आहेत, उत्पादकांनी जुनी पॅनेल सांभाळायची अशी तरतूद आहे. पण गायरानातून ती प्रत्यक्ष उचलून कोण नेणार, पाया कोण उखडणार, हे करारात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. ते लिहिलेलं आम्हाला दिसलं नाही.

ग्रामसभेला आम्ही मागच्या बाकांवर बसलो. बोलायचं नाही असं ठरलं होतं; कुणी विचारलं तरच उठायचं. प्राध्यापकांना दोनदा कोपरानं ढोसावं लागलं. सभा तापली. एक तट म्हणाला, ठराव नाकारा. दुसरा म्हणाला, रात्रीचं पाणी पाजून कंबरडं मोडलंय, मंजूर करा आणि मोकळे व्हा. मग त्या द्राक्षवाल्या तरुणानं लिहून आणलेला कागद वाचला. कुंपण मेंढरांच्या वाटेपासून सरकवायचं. गावच्या पाणी योजनेला हात लावायचा नाही. गवतासाठी मेंढपाळांना आत जायची सोय, कुलपाची एक किल्ली ग्रामपंचायतीत. राखण आणि गवत काढायच्या कामाला गावातली माणसं. मुदत संपल्यावर जमीन होती तशी करून द्यायची. तीन वर्षांनंतरही गावाला दरसाल हिस्सा. आणि सबस्टेशनच्या लॉगशीटची प्रत दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर, म्हणजे दिवसा आठ तास खरंच मिळाले का ते कळेल.

ही शेवटची अट आमच्यापैकी कुणी सुचवली नव्हती. मित्रांनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या.

ह्या अटींसह संमती, असा ठराव झाला. काहींनी विरोधात हात वर केले, तो विरोधही नावांनिशी नोंदवला गेला.

पुढचं थोडक्यात. कुंपण सरकवलेला सुधारित नकाशा आला. पाण्यासाठी कंपनीनं ब्रशची यंत्रं आणि पावसाच्या पाण्याची टाकी कबूल केली, अजून बांधलेली नाही. किल्लीवर घासाघीस चालू आहे. लॉगशीटची प्रत द्यायला स्थानिक कार्यालय आधी कां-कूं करत होतं, आता रोजचे तास लिहिलेला एक साधा तक्ता द्यायला तयार झालंय. जमीन परत करण्याचं कलम वकिलाकडून तपासून घ्यायचं आहे. प्राध्यापकांचे एक मित्र ते फुकट करणार आहेत. म्हणजे तसं म्हणालेत.

तीन वर्षांनंतरच्या हिश्शाची मागणी तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला गेली, एवढंच कळलंय. त्या अर्जाची पोच सरपंचबाईंनी लॅमिनेट करून कार्यालयात लावली आहे, आणि उत्तर येईपर्यंत दर ग्रामसभेत हाच विषय पहिल्या क्रमांकावर घ्यायचा, असं पंचायतीनं ठरवलं आहे.